श्री गाडगेबाबा आणि त्यांचे श्रोते

आपल्या वलगावाहून अमरावतीस जाताना पेढी नदीचा पूल लागतो. २० डिसेंबर १९५६ च्या रात्री याच पुलाजवळ श्री संत गाडगे महाराजांनी देह ठेवला. गावातील लहान मुलासही ही गोष्ट ठाऊक आहे. बाबांचा खराटा, त्यांच्या धर्मशाळा, त्यांची भूतदया यांविषयी आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मंडळाच्या या स्मरणिकेत ते सारे पुन्हा सांगण्यापेक्षा त्यांच्या चरित्रातील एक निराळी बाजू भगिनींपुढे ठेवावी असे वाटते. बाबा कीर्तनकार होते, आणि कीर्तनकार म्हटला की श्रोते आले. हजारोंनी जमणाऱ्या या श्रोत्यांशी, विशेषतः कीर्तन संपल्यावर, बाबा कसे वागत, हे पाहिले म्हणजे त्यांचे अवघे जीवन उलगडते.

त्या काळाचे चित्र प्रथम डोळ्यांपुढे आणावयास हवे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीसचाळीस वर्षांत संगीत नाटकांचे वैभव शिगेला पोहोचले होते. अमरावती-अकोल्यासारख्या शहरांत नाटक कंपन्यांचे मुक्काम पडत. खेळ संपला तरी रसिकांचे पाऊल घराकडे वळत नसे. पडद्यामागे जाऊन नटाला जवळून पाहावे, त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, जमल्यास काही भेट द्यावी, ही प्रत्येकाची हौस. बालगंधर्वांच्या वेषातील छायाचित्रे घरोघर लागत आणि त्यांच्या नेसण्याची व केशभूषेची ढब कुलीन स्त्रियाही उचलत. नटही प्रेक्षकांना मायबाप मानी. त्यात गैर काहीच नव्हते. कलावंत लोकांच्या प्रेमावरच जगतो. खेड्यापाड्यांत नाटक कंपनी क्वचितच पोहोचे. तेथे उलंगवाडी झाली, हातात चार पैसे आले, की दंडार, भजन आणि कीर्तन हीच नाटके. ज्या कीर्तनासाठी दहा दहा कोसांवरून बैलगाड्या जुंपून माणसे येत, ते कीर्तन गाडगेबाबांचे. नाटकाच्या रसिकांप्रमाणेच या श्रोत्यांनाही कीर्तनानंतर बाबा जवळून हवे असत. बाबांची रीत मात्र साऱ्या कलावंतांच्या उलट होती.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात, शेंडगाव येथे परिटाच्या घरी झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी दारूच्या पायी लवकर गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूजीला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आली. मामाच्या घरी डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला, मोट हाकली. शेतीच्या कामात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता असे सांगतात. रात्र झाली की गुराखी सोबत्यांना जमवून भजन करावे, हा त्याचा दुसरा छंद. अक्षरओळख झाली नव्हती, पण ऐकलेले भजन एकदा कानांत शिरले की ते कायमचे त्याचे होई. पुढे लाखांच्या समुदायाला डोलायला लावणाऱ्या कीर्तनकाराची तालीम ही एवढीच.

याच घरात त्याला कर्जाचे विष दिसले. मामाची चांगली पिकाऊ जमीन सावकाराच्या कागदांत अडकली. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा कुठे लावून घेतला जातो हे डेबूजीने डोळ्यांनी पाहिले. दारू आणि कर्ज, दोन्ही त्याच्या स्वतःच्या घरात शिरून गेलेली. म्हणून पुढे बाबा या दोहोंविरुद्ध बोलू लागत, तेव्हा त्यांच्या शब्दाला एवढी धार येई. १८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू व मटण द्यावे असा भाऊबंदांचा आग्रह पडला. डेबूजींनी तो मानला नाही. त्यांनी सर्वांना गोड जेवण घातले. भावकीची नाराजी पत्करण्याचा हा पहिला प्रसंग.

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. मागे म्हातारी आई, कुंताबाई आणि लेकरे राहिली. बाबांच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगताना या माउलींकडे आपले लक्ष सहसा जात नाही. पुढे लोकांनी ज्याला डोक्यावर घेतले, त्याचा संसार ज्या बाईने एकटीने ओढला, तिला सभेत कोणी हार घातला नाही. आपल्या मंडळाने तरी कुंताबाईंचे नाव बाबांच्या नावाबरोबर घ्यावे.

पुढची बारा वर्षे डेबूजी गावोगाव हिंडले. याच काळात त्यांचा तो वेष ठरून गेला. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर खापराचा तुकडा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, एका हातात मडके आणि दुसऱ्या हातात झाडू. त्यावरून कोणी त्यांना गोधडेबाबा म्हणे, कोणी चिंधेबाबा, कोणी गाडगेबाबा. नट वेष चढवतो तो आपण उठून दिसावे म्हणून. या वेषाने बाबा गर्दीतल्या सर्वांत दरिद्री माणसासारखे दिसत. गावात शिरताच ते रस्ता झाडू लागत. कोणाची लाकडे फोडून देत, कोणाचे गवत कापून देत, मग भाकर मागत. मडक्यात पडेल ते कोरडे-ओले खात आणि पुढे निघत. काम केल्यावाचून खाऊ नये हा धडा ते तोंडाने सांगण्याआधी हातांनी देत.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन म्हणून क्षेत्र आहे. पौषातील रविवारी तेथे यात्रा भरते. नदीची दरड निसरडी. बायाबापड्या आंघोळ करून भिजल्या लुगड्याने वर चढताना घसरून पडत. बाबांनी एकट्यानेच तेथे माती-दगड वाहून वाट बांधण्यास आरंभ केला. पाहणारे आधी हसले, मग हळूहळू एकेकाने हात लावला. १९०८ च्या सुमारास पूर्णेवर घाट उभा राहिला. याच यात्रेत पुढे आई व कुंताबाई यांची बाबांशी गाठ पडली, पण ते घरी परतले नाहीत, असे चरित्रकार सांगतात. बाबांच्या कीर्तनालाही रंग चढला तो अशाच यात्रांतून. दिवसभर झाडावे, वाहावे, बांधावे आणि रात्री त्याच लोकांपुढे कीर्तनास उभे राहावे, हा क्रम तेथपासून अखेरपर्यंत चालला.

बाबा येणार अशी वर्दी गेली की गावकरी मंडप घालीत, हार आणीत, रस्त्याकडे डोळे लावून बसत. इकडे गावाच्या दुसऱ्या टोकाला एक फाटका म्हातारा उकिरडा साफ करीत असे. त्याच्याकडे बघण्यास कोणास सवड नसे. ज्याची वाट पाहत आहोत तो सकाळपासून आपल्याच दाराशी खराटा मारीत आहे हे रात्री कीर्तन सुरू झाल्यावर कळे, तेव्हा अनेकांच्या माना खाली जात. कीर्तनाचा पूर्वरंग तेथेच होऊन गेलेला असे. झाडलेला रस्ता सर्वांनी पाहिलेला, झाडणाराही पाहिलेला. फक्त ओळखला नव्हता.

आणि कीर्तन तरी कसे! पगडी नाही, उपरणे नाही, पेटी-तबल्याचा थाट नाही. गोपाळनामाचा गजर, टाळांची साथ आणि अस्सल वऱ्हाडी बोली. बाबा श्रोत्यांना प्रश्न करीत आणि सारा समुदाय एका आवाजात उत्तर देई. देवाला बकरे कापणारा स्वतःचे मूल कापील काय, कर्ज काढून तेरवी घातल्याने बाप स्वर्गाला जातो काय, अशा वळणाचे ते प्रश्न असत. लोक खळखळून हसत आणि उत्तर देता देता आपण आपल्याच विरुद्ध साक्ष देत आहोत हे त्यांच्या ध्यानी येई. नाटकात प्रेक्षक अंधारात बसतो, उजेडात असतो तो नट. बाबांच्या कीर्तनात उजेड श्रोत्यांवर पडे. आचार्य अत्रे म्हणजे नाट्यगृहे हसवून सोडणारा नाटककार. त्यांनीही गाडगेबाबांना पाहायचे तर कीर्तनातच पाहावे, असे आवर्जून लिहिले आहे. रंगभूमीचा असा जाणकार निरक्षर कीर्तनकाराला मान तुकवतो, यातच सर्व आले.

आता कीर्तन संपल्यावरची गोष्ट. गजर टिपेला पोहोचलेला, लोक देहभान विसरलेले. आता बाबांच्या पायांवर डोके ठेवावे म्हणून गर्दी पुढे सरके. पाहावे तो बाबा नाहीत! समुदायातून वाट काढून ते केव्हाच अंधारात निघून गेलेले असत. हार तसेच हातात राहत. कोणी आडवे होऊन पाय धरण्याचा प्रयत्न केलाच तर बाबा काठी उगारीत, आणि प्रसंगी ती पाठीत बसेही. त्या काठीचा प्रसाद मिळाला म्हणून धन्य मानणारे भाविक होते. तेव्हा काठीनेही बाबांची सुटका पुरती झाली नाही असेच म्हणावे लागते.

बाबा असे का पळत? विनय हे एक कारण झाले, पण ते पुरेसे नाही. बाबांनी माणसाचे मन पुरते ओळखले होते. कीर्तन ऐकून मन हेलावते, आपण काहीतरी करावे अशी तळमळ लागते. त्याच क्षणी समोर पाय सापडले की माणूस त्यावर डोके ठेवतो, डोळे पुसतो आणि मोकळा होतो. तळमळ तेथेच विझते. दुसऱ्या दिवशी दारू तशीच, कर्ज तसेच, शिवाशीव तशीच. पाय मिळाले नाहीत तर ती तळमळ घरापर्यंत सोबत जाते आणि झोप लागू देत नाही. बाबांना हेच हवे होते. मी कोणाचा गुरू नाही आणि माझा कोणी शिष्य नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत ढळली नाही. नमस्कार करून हिशेब मिटवण्याची सोय त्यांनी श्रोत्यांना ठेवली नाही.

मग ज्याला काही द्यावयाचेच असेल त्याने काय द्यावे? त्याची वाट बाबांनी मोकळी करून दिली होती. स्वतःसाठी त्यांनी कवडी घेतली नाही, कानात अडकवली तेवढीच. पण धनिकांना त्यांनी धर्मशाळा बांधायला लावले, गरिबाला दगड उचलायला लावले. पंढरपुरास १९१७ साली ज्या चोखामेळा धर्मशाळेचे काम उभे झाले, तेथे वारीला येणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या बांधवांना हक्काचा निवारा मिळाला. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापुरास १९२५ साली गोरक्षण, धर्मशाळा व विद्यालय झाले. मुंबईस रोग्यांचे नातेवाईक रस्त्यावर झोपतात हे पाहून १९५४ साली जे. जे. इस्पितळाजवळ त्यांच्यासाठी धर्मशाळा झाली. आंधळे, पांगळे, महारोगी यांच्या पंक्ती बाबा स्वतः उभे राहून वाढीत. या साऱ्या संस्थांवर आपल्या नातलगांचा काडीचा हक्क नाही असे त्यांनी कागदोपत्री पक्के करून ठेवले, आणि ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना होऊन त्यांचा कारभार विश्वस्तांकडे गेला. एवढ्या इमारती उभ्या राहिल्या, पण बाबा स्वतः झोपत ते बाहेर, झाडाखाली किंवा झोपडीत.

स्त्री-श्रोत्यांविषयी दोन शब्द वेगळे लिहिले पाहिजेत. बाबांच्या कीर्तनाला बाया मोठ्या संख्येने येत. मुलांच्या शिक्षणावर बाबांचा फार कटाक्ष असे. पैसा नसेल तर जेवणाची ताटे विका आणि हातावर भाकर घेऊन खा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण लेकरू शिकवल्यावाचून राहू नका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. आता काटकसरीसाठी बायकोचे लुगडेच आधी आठवावे, यावर एखादी भगिनी आजही मिस्कील हसेल. पण त्या सभेतील बायांनी ते मनावर घेतले. दारू घरात आली की पहिली झळ कोणास लागते, कर्ज काढून लग्न झाले की दागिना कोणाच्या अंगावरून उतरतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते. घरात ज्याविरुद्ध बोलण्याची सोय नव्हती, ते हा फाटका माणूस भर सभेत त्यांच्या नवऱ्यांना विचारी आणि नवऱ्यांना मोठ्याने उत्तर द्यावे लागे. नंतर घरी गेल्यावर त्या उत्तराची आठवण करून देण्याचे काम बायांचे. बाबा निघून जात, पण कीर्तन अशा रीतीने चुलीपाशी चालू राही.

१९२३ सालची एक गोष्ट आहे. बाबा कोकणात खारेपाटण येथे कीर्तनास उभे असता एकुलता एक मुलगा गोविंद वारल्याची वार्ता त्यांच्या हाती आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. मराठी रंगभूमीवरही असाच एक प्रसंग नोंदलेला आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. त्यांनी दुःख गिळून भामिनीची भूमिका केली, कारण प्रेक्षक आले होते. एक राजवस्त्रांतला, एक चिंध्यांतला. पण समोर बसलेल्या माणसांना रिकाम्या हाती परत पाठवू नये, हा धर्म दोघांनी सारखाच पाळला. म्हणून कलावंत आणि संत यांच्यात आपण घालतो तेवढे अंतर खरोखर नसावे. फरक पडतो तो पुढे. बालगंधर्वांच्या रसिकांना प्रयोगानंतर त्यांचे सांत्वन करता आले असेल. बाबांनी ती संधीही कोणास दिली नाही. ते आपले दुःख घेऊन पुढच्या गावाला निघून गेले.

बाबांचे काही श्रोते असे निघाले की त्यांनी पाय धरण्याऐवजी काम धरले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शिक्षणकार्यावर बाबांचा लोभ होता. कऱ्हाड येथे १९५४ साली निघालेल्या महाविद्यालयास बाबांचेच नाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी त्यांना फार आदर होता. १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आपल्या मोझरीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरीवर तोच गजर निराळ्या चालीत करीत होते. या थोरांचा स्नेह बाबांनी चुकवला नाही, कारण तो नमस्कारापाशी थांबणारा नव्हता.

१९५६ साल उजाडले तेव्हा बाबांची प्रकृती ढासळली होती. तरी ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईस वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण झाल्यामुळे बाबांचा तो आवाज, ते प्रश्न आणि श्रोत्यांची ती उत्तरे आजही ऐकायला मिळतात. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले, त्याचा घाव बाबांच्या मनाला लागला. त्यानंतर चौदा दिवसांनी, आजारी अवस्थेत मोटारीने अमरावतीस नेत असता, आपल्या पेढी नदीच्या पुलाजवळ बाबांचा प्रवास संपला. जन्मभर ज्यांनी कोणत्याही गावी मुक्काम वाढवला नाही, त्यांचा अखेरचा थांबा वलगाव ठरला. तेथून त्यांना अमरावतीस नेण्यात आले. अंत्यदर्शनासाठी लोटलेल्या अफाट समुदायाला त्या दिवशी प्रथमच बाबांच्या पायांवर डोके ठेवता आले. त्या दिवशी बाबा उठून निघून जाऊ शकले नाहीत. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे.

पुढे त्यांचे नाव मोठ्या मानाने सर्वत्र गेले. २००० सालापासून महाराष्ट्रात त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान झाले. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. ज्याला शाळेचे तोंड पाहता आले नाही त्याचे नाव पदवीच्या कागदावर यावे, हा योग मोठा सुंदर आहे.

वलगावात आपण निर्वाणभूमीवर हात जोडतो, पुण्यतिथीला हार घालतो. ते सर्व भक्तीने होते आणि होत राहावे. परंतु हार घालताना एवढे आठवावे की बाबा असते तर हार घालून घ्यायला थांबले नसते. गर्दीतून वाट काढून ते गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले असते. तेथे उकिरडा असेल, शाळा सोडलेली एखादी मुलगी असेल, दारूने पोळलेले एखादे घर असेल. बाबांना भेटावयाचे असेल तर पुलापासून निघून तेथवर चालत जावे लागेल. मंडळाच्या येत्या वर्षाच्या कार्यक्रमात हळदीकुंकवाबरोबर आणि सहलीबरोबर असा एखादा दिवस जरूर ठेवावा, एवढी सर्व भगिनींना नम्र विनंती.